दोनशे चौदा कोटींच्या पुढे काय होतं?

प्रोग्रॅमिंग नुकतंच शिकू लागलेल्या मुलांचा पहिला डेटाबेस प्रोजेक्ट बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. लायब्ररी, मेस, नाहीतर क्लासची फी. टेबलात नाव, पत्ता, मोबाइल नंबर. मोबाइल नंबर म्हणजे आकडेच, म्हणून त्या रकान्याचा टाइप 'इंट', म्हणजे पूर्णांक, ठेवला जातो. पाच जणांची माहिती भरून टेबल उघडलं की पाचही जणांचा नंबर एकच दिसतो: २१४७४८३६४७. कर्वेनगरचा मुलगा असो की हडपसरची मुलगी, नंबर तोच. डेटाबेस जुनं मायएसक्यूएल असेल किंवा त्याचा स्ट्रिक्ट मोड (न मावणारी माहिती नाकारायची सोय) बंद असेल, तर हे हमखास होतं.

हा कुणाचाही फोन नंबर नाही. ती ३२ बिटांच्या पूर्णांकाची वरची मर्यादा आहे, २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे संख्या म्हणून पाहिलं तर कोणताही नंबर सहाशे कोटींच्या पुढेच. तो २१४ कोटींत मावणार कसा? डेटाबेसने प्रत्येक नंबर मावेल तितका, म्हणजे मर्यादेपर्यंत आणून ठेवला आणि काम झाल्याचं सांगितलं. (फोन नंबरची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. तो मजकूर म्हणूनच साठवावा. पण तो वेगळा मुद्दा.)

आपण शाळेत शिकलो ते पूर्णांक अनंत असतात. एक मिळवा, पुढचा मिळतो. प्रोग्रॅममधले पूर्णांक तसे नसतात. प्रत्येकाला ठरावीक जागा मिळते आणि ती भरली की पुढे काय करायचं, हे प्रत्येक भाषेने आपापल्या परीने ठरवलं आहे. भाषेचे नियम पाठ करणाऱ्या मुलांनाही नेमकं हे उत्तर माहीत नसतं. माझ्या मते पहिल्या महिन्यातच ते माहीत व्हायला हवं, कारण ही चूक बहुतेक वेळा आवाज न करता होते.

जागा बिटांत मोजतात. एका बिटात दोनच शक्यता, ० किंवा १. ८ बिटांत २५६ वेगवेगळ्या मांडण्या होतात, १६ बिटांत ६५,५३६, आणि ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. फक्त शून्य आणि धन संख्या हव्या असतील तर ८ बिटांत ० ते २५५ मावतात. अशा टाइपला अनसाइन्ड म्हणतात. ऋण संख्याही हव्या असतील, म्हणजे टाइप साइन्ड असेल, तर त्याच मांडण्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात. ८ बिटांत −१२८ ते १२७, १६ बिटांत −३२,७६८ ते ३२,७६७, आणि ३२ बिटांत उणे २१४ कोटी ते अधिक २१४ कोटी. ६४ बिटांची वरची मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ इतकी प्रचंड आहे.

अंदाज यावा म्हणून जवळचे आकडे घेऊ. २०११च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती. ती १६ बिटांत मावत नाही, ३२ बिटांत आरामात मावते. भारताची लोकसंख्याही ३२ बिटांत बसते. पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक मात्र हजारो कोटी रुपयांचं असतं, ते रुपयांत लिहिलं तरी ३२ बिटांत बसत नाही. आणि रक्कम पैशांत साठवायची म्हटलं, जे पुष्कळ हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये करतात आणि योग्यच करतात, तर ३२ बिटांची धाव २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांवर संपते. पुण्यात याहून महाग फ्लॅट शोधायला फार फिरावं लागत नाही.

आता मर्यादा ओलांडली की, म्हणजे ओव्हरफ्लो झाला की, काय होतं ते पाहू. इथे चकती फिरणारा जुना वीजमीटर डोळ्यांसमोर आणा. त्याला पाच आकडे आहेत असं धरू. ९९,९९९ नंतर एक युनिट वापरलं की मीटर ००,००० दाखवतो. लाखाचा आकडा दाखवायला जागाच नाही, म्हणून तो गळून पडतो. संगणकातही हेच होतं. वरचा बिट ठेवायला जागा नाही, तो गळतो, खालचे उरतात. ८ बिटांच्या अनसाइन्ड टाइपमध्ये २५५ + १ = ०, आणि २०० + १०० = ४४.

हाच मीटर उलटा फिरवला तर? ००,००० वरून एक पाऊल मागे गेलं की ९९,९९९. म्हणजे या मीटरवर ९९,९९९ आणि −१ यांची जागा एकच. खरोखरच ९९,९९९ मध्ये १ मिळवला की शून्य येतं, जसं −१ मध्ये १ मिळवल्यावर येतं. ऋण संख्या साठवायची संगणकाची रीत हीच आहे. तिला टूज कॉम्प्लिमेंट म्हणतात. वर्तुळाचा अर्धा भाग धन मानायचा, उरलेला अर्धा ऋण. सोय अशी की बेरीज करणाऱ्या सर्किटला संख्या धन आहे की ऋण हे पाहावंही लागत नाही. ते नेहमीसारखी बेरीज करतं आणि उत्तर बरोबर येतं. किंमत एवढीच, की धन बाजूच्या शेवटच्या संख्येत एक मिळवला की आपण थेट ऋण बाजूच्या टोकाला जाऊन पडतो. २,१४,७४,८३,६४७ + १ = −२,१४,७४,८३,६४८.

ऋण बाजूला एक संख्या जास्त आहे, कारण शून्याने धन बाजूची एक जागा घेतली आहे. त्यामुळे −२,१४,७४,८३,६४८ ची धन जोडीदार संख्या ३२ बिटांत अस्तित्वातच नाही. जावामध्ये या संख्येचं निरपेक्ष मूल्य काढलं की उत्तर पुन्हा तीच ऋण संख्या येते. 'ॲब्स' फंक्शनमधून ऋण उत्तर येऊच शकत नाही, असं गृहीत धरून लिहिलेला कोड इथे फसतो.

हे सगळं एका छोट्या प्रोग्रॅममध्ये बघता येतं, आणि प्रत्येकाने ते स्वतःच्या हाताने करून बघावं. जावामध्ये 'इंट' घेऊन फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, काढा. १२ पर्यंत सगळं ठीक, ४७,९०,०१,६०० हे उत्तर बरोबर आहे. १३ चं फॅक्टोरियल ६,२२,७०,२०,८०० यायला हवं, पडद्यावर येतं १,९३,२०,५३,५०४. हे उत्तर बघून कुणाला शंका येईल? मोठी धन संख्या आहे, आधीच्या उत्तरापेक्षा मोठीही आहे. १४ ला १,२७,८९,४५,२८० येतं, म्हणजे १३ पेक्षा कमी. नीट बघणारा इथे थबकेल. १५ आणि १६ पुन्हा धन. १७ ला पहिल्यांदा ऋण उत्तर येतं, −२८,८५,२२,२४०. म्हणजे 'ऋण आलं तर ओव्हरफ्लो झाला' ही मुलांची आवडती कसोटी चार उत्तरं चुकून गेल्यावर जागी होते.

तसंच पुढे चालू ठेवा. ३३ चं फॅक्टोरियल नेमकं −२,१४,७४,८३,६४८, म्हणजे ऋण बाजूचं टोक. आणि ३४ पासून पुढे सगळी उत्तरं शून्य! हा योगायोग नाही. १ ते ३४ च्या गुणाकारात २ हा अवयव बरोबर ३२ वेळा येतो. दर वेळी दोनने गुणलं की उजवीकडे एक शून्य बिट वाढतो. बत्तीस शून्यं झाली की ३२ बिटांत दुसरं काही उरत नाही. खरं उत्तर ३९ आकडी आहे आणि संगणक शांतपणे शून्य म्हणतोय.

आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं टर्बो सी वापरलं गेलं. त्यात 'इंट' १६ बिटांचा असल्यामुळे ८ च्या फॅक्टोरियललाच −२५,२१६ येत असे. तोच प्रोग्रॅम जीसीसी या कंपायलरवर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर) नेला की ८ चं उत्तर बरोबर येई आणि '१६ बिटांचं काय ते नंतर बघू' म्हणून प्रश्न तिथेच राही. सी भाषेत 'इंट' किती बिटांचा हे भाषा ठरवतच नाही. ती फक्त किमान मर्यादा सांगते: 'इंट' १६ बिटांहून कमी नको, 'लाँग' ३२ हून कमी नको, 'लाँग लाँग' ६४ हून कमी नको. आजही ६४ बिटांच्या विंडोजवर 'लाँग' ३२ बिटांचा आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा असतो. आर्डुइनो उनो आर३ या छोट्या बोर्डवर 'इंट' अजूनही १६ बिटांचाच आहे. म्हणून सी लिहिताना बिटांची संख्या नावातच असलेले टाइप वापरावेत, इंट३२_टी, इंट६४_टी वगैरे. ते १९९९च्या मानकापासून भाषेत आहेत.

पण सी आणि सी++ मधली खरी मेख दुसरीच आहे. अनसाइन्ड टाइपमध्ये मर्यादा ओलांडली तर संख्या त्या मीटरसारखा वळसा घेते, हे मानकात स्पष्ट लिहिलं आहे. साइन्ड टाइपमध्ये मर्यादा ओलांडली तर वर्तन 'अनडिफाइन्ड' आहे, म्हणजे काय होईल ते मानक ठरवतच नाही. पुष्कळांना वाटतं याचा अर्थ 'प्रत्यक्षात वळसाच घेतो, मानकात लिहायचं राहिलं.' तसं नाही. साइन्ड ओव्हरफ्लो कधी होणारच नाही, असं धरून चालायची मुभा कंपायलरला आहे, आणि तो ती पुरेपूर वापरतो.

एक उदाहरण. कुणीतरी सावधपणे तपासणी लिहिली: एक्समध्ये १०० मिळवल्यावर येणारं उत्तर एक्सपेक्षा लहान असेल, तर ओव्हरफ्लो झाला, म्हणून चूक कळवा. वळसा गृहीत धरला तर तर्क बरोबर आहे. कंपायलर मात्र असा विचार करतो: ओव्हरफ्लो होतच नाही, मग एक्स अधिक १०० हे एक्सपेक्षा लहान कधीच असणार नाही, म्हणजे ही अट नेहमी खोटी, काढून टाका. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची कंपायलरची सोय) चालू केलं की तपासणीच गायब! डिबग करताना ती असते आणि काम करते, ग्राहकाकडे गेलेल्या प्रोग्रॅममध्ये ती नसते. योग्य तपासणी बेरीज करण्याच्या आधी व्हायला हवी: एक्स हा 'कमाल मर्यादा वजा १००' पेक्षा मोठा आहे का? इथे ओव्हरफ्लो होतच नाही, त्यामुळे कंपायलरला ती काढता येत नाही.

सीने असं का ठेवलं? भाषा घडली त्या काळात सगळी यंत्रं एका पद्धतीने ऋण संख्या साठवत नव्हती, आणि काही यंत्रं ओव्हरफ्लो झाल्यावर थांबतही असत. एकच नियम लादला असता तर काही यंत्रांवर प्रत्येक बेरजेला जास्तीचं काम पडलं असतं. आता ते कारण उरलेलं नाही. सी++ च्या २०२० च्या आणि सीच्या २०२३ च्या मानकाने टूज कॉम्प्लिमेंट हीच एक पद्धत मान्य केली. तरीही साइन्ड ओव्हरफ्लो अनडिफाइन्डच राहिला, कारण त्या मुभेवर कंपायलर कोड वेगवान करतात. ज्यांना वळसाच हवा त्यांच्यासाठी जीसीसी आणि क्लँगला 'एफरॅपव्ही' हा पर्याय आहे. चाचणीच्या वेळी अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर हे तपासणीचं साधन लावलं तर ओव्हरफ्लो झालेली ओळ नेमकी दाखवली जाते. सी शिकवताना ते पहिल्या दिवसापासून चालू ठेवायला हवं असं माझं ठाम मत आहे.

जावा, कोटलिन आणि गो यांचा नियम सरळ आहे: वळसा, नेहमी, सगळ्या यंत्रांवर. अनिश्चितता नाही, पण सूचनाही नाही. जावा ८ पासून 'मॅथ.ॲडएक्झॅक्ट' आणि 'मॅथ.मल्टिप्लायएक्झॅक्ट' आहेत, ते ओव्हरफ्लो झाल्यावर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकतात. पैशांचा हिशेब करणाऱ्या कोडमध्ये ते फार कमी वेळा दिसतात, याचं मला वाईट वाटतं. सी# मध्ये सहसा वळसाच, पण 'चेक्ड' म्हटलं की एक्सेप्शन. स्विफ्टने उलटा मार्ग घेतला. तिथे साधी बेरीज ओव्हरफ्लो झाली की प्रोग्रॅम थांबतो, आणि वळसा हवाच असेल तर अँपरसँड लावलेलं वेगळं अधिक-चिन्ह वापरावं लागतं. रस्टमध्ये डिबग बिल्डमध्ये (चुका शोधतानाच्या आवृत्तीत) प्रोग्रॅम थांबतो आणि रिलीज बिल्डमध्ये (ग्राहकाकडे जाणाऱ्या आवृत्तीत), वेगळं काही सांगितलं नसेल तर, वळसा घेतो. शिवाय काय हवं ते नावानेच सांगायची सोय आहे: 'चेक्ड_ॲड' उत्तर मावलं नाही तर तसं कळवतो, 'रॅपिंग_ॲड' वळसा घेतो, 'सॅच्युरेटिंग_ॲड' मर्यादेवर थांबतो, सुरुवातीच्या फोन नंबरांचं झालं तसा. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा हेतू कळतो. मला यातलं हेच सगळ्यात पटतं.

पायथन तीनमध्ये मात्र पूर्णांकाला मर्यादाच नाही. संख्या वाढली की जागा वाढते. ३४ चं फॅक्टोरियल अगदी बरोबर येतं. बदल्यात वेग जातो आणि मेमरी जास्त लागते. पण 'मी पायथनवाला, मला काय त्याचं' म्हणून निर्धास्त राहू नका. नमपाय या गणिताच्या लायब्ररीतल्या ॲरेमधले (संख्यांच्या यादीतले) पूर्णांक ठरावीक बिटांचेच असतात आणि ते गुपचूप वळसा घेतात. मेमरी वाचवायला एखादा रकाना ३२ बिटांचा केला आणि मग त्याची पटीत वाढ केली, की डेटा सायन्सचा अख्खा तक्ता चुकू शकतो.

जावास्क्रिप्टची गोष्ट निराळी. तिथला साधा नंबर मुळात दशांश संख्या आहे. पूर्णांक ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंत बिनचूक राहतात. त्यापुढे वळसा नाही, थांबणं नाही, फक्त शेवटचे आकडे धूसर होतात. पुढच्याच संख्येत एक मिळवला तरी उत्तर बदलत नाही. डेटाबेसमधला ६४ बिटांचा आयडी ब्राउझरमध्ये पोचेपर्यंत शेवटचे एक-दोन आकडे बदललेले असतात आणि भलत्याच माणसाची ऑर्डर उघडते, ते यामुळेच. असे आयडी मजकूर म्हणून पाठवावेत, किंवा कितीही मोठा पूर्णांक ठेवणारा बिगइंट हा टाइप वापरावा.

इथवर आपण 'उत्तर मोठं झालं तर' असंच म्हणत आलो. प्रत्यक्ष कामात ओव्हरफ्लो उत्तरात कमी आणि मधल्या पायरीत जास्त होतो. जीएसटीचं उदाहरण घेऊ. बाणेरमधली एखादी छोटी सॉफ्टवेअर कंपनी १२ लाखांचं बिल करते, १८ टक्के जीएसटी. रक्कम पैशांत, 'इंट' मध्ये: १२,००,००,०००. ही मर्यादेच्या खूप आत आहे. कर यायला हवा २,१६,००,००० पैसे, म्हणजे २ लाख १६ हजार रुपये. तोही खूप आत. पण सूत्र काय लिहिलं? रक्कम गुणिले १८, भागिले १००. गुणाकार आधी होतो: २,१६,००,००,०००. म्हणजे २१६ कोटी, मर्यादा २१४ कोटींची. जावामध्ये वळसा बसून −२,१३,४९,६७,२९६ होतात, त्याला शंभराने भागलं की कर येतो उणे २,१३,४९६ रुपये ७२ पैसे.

यातली भीती बघा. ११,९३,०४६ रुपये ४७ पैशांपर्यंतच्या प्रत्येक बिलावर हाच कोड बिनचूक चालतो. टेस्टिंगमध्ये हजाराची, पाच हजारांची, लाखाची बिलं टाकून बघितली जातात, सगळं हिरवं येतं. वर्षभर काही होत नाही. मग पहिलं मोठं बिल येतं, म्हणजे नेमकं तेच, ज्याच्यात चूक परवडत नाही.

यावर बरेच जण घाईत करतात ती दुरुस्तीही कामाची नाही. उत्तर ठेवायचं व्हेरिएबल 'लाँग' केलं तरी गुणाकार दोन 'इंट' चाच राहतो, तो ३२ बिटांत होतो, बिघडतो, आणि मग ते बिघडलेलं उत्तर ६४ बिटांच्या प्रशस्त जागेत ठेवलं जातं. डावीकडचा टाइप उजवीकडच्या हिशेबावर परिणाम करत नाही. गुणाकारातली निदान एक संख्या आधी 'लाँग' करायला हवी. तीस दिवसांचे मिलिसेकंद काढताना ३० × २४ × ६० × ६० × १००० असं लिहिणारे इथेच अडकतात. २४ दिवसांपर्यंत उत्तर बरोबर, ३० दिवसांना −१,७०,२९,६७,२९६. तीसच्या पुढे एल जोडला की काम भागतं.

हिंजवडीच्या मुलाखतींमध्ये बायनरी सर्चचा (क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधायचा) प्रश्न हमखास येतो, आणि 'लो' व 'हाय' या दोन टोकांमधली जागा, म्हणजे 'मिड', काढताना 'लो अधिक हाय भागिले दोन' लिहिलं की समोरचा पुढचा प्रश्न तयार ठेवून असतो. दोघांची बेरीज मर्यादेबाहेर गेली तर? हा पुस्तकी खोडसाळपणा नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हीच चूक कित्येक वर्षं होती, आणि २००६ मध्ये त्या लायब्ररीवर काम केलेल्या जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली. ॲरेमध्ये शंभर कोटींहून जास्त घटक असतील तेव्हाच ती उघडी पडते, म्हणून एवढी वर्षं कुणाच्या नजरेत आली नाही. 'लो अधिक, हाय वजा लोचा निम्मा' असं लिहिलं की बेरीज मर्यादेबाहेर जातच नाही.

अनसाइन्डबद्दल थोडं. 'ऋण संख्या नकोच आहेत, मग अनसाइन्ड घेऊ, दुप्पट जागा मिळेल' हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. पण त्या टाइपची खालची मर्यादा शून्य आहे, आणि शून्याच्या आसपास आपण सतत वावरत असतो. रिकाम्या यादीची लांबी वजा एक केली की ६४ बिटांत १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ येतात. 'आय शून्यापेक्षा मोठा किंवा समान असेपर्यंत' असं उलटं फिरणारं लूप कधी थांबतच नाही. सीमध्ये −१ ची तुलना अनसाइन्ड १ शी केली तर −१ मोठा ठरतो. संख्या मोजायला साइन्ड टाइप बरा. बिटांशी खेळायचं असेल किंवा वळसा मुद्दाम हवा असेल तर अनसाइन्ड.

वळसा मुद्दाम कशाला हवा असेल? पुन्हा मीटरकडे जाऊ. मागचं रीडिंग ९९,९८०, आताचं ००,१३०. वापर किती? शून्यापर्यंत २० आणि पुढे १३०, एकूण १५० युनिट. वजाबाकीही वर्तुळावर केली तर वळशाने काही बिघडत नाही. आर्डुइनोचं 'मिलिस' हे घड्याळ ३२ बिटांचं अनसाइन्ड आहे, ते ४९ दिवस १७ तासांनी पुन्हा शून्यावर येतं. 'आता वजा मागची वेळ' किती भरते हे तपासलं तर पंप, दिवा, काहीही वर्षानुवर्षं बरोबर चालतं. 'आता' हे 'मागची वेळ अधिक अवधी' पेक्षा मोठं झालं का, असं तपासलं की पन्नासाव्या दिवशी गडबड होते. गणिताच्या वहीत दोन्ही अटी सारख्याच आहेत.

मोठ्या यंत्रांवरही हे बेतलं आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ हे रॉकेट फ्रेंच गयानातून पहिल्यांदा उडालं आणि सुमारे ३७ सेकंदांनी दिशा सोडून फुटलं. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात बदलली जात होती, ती ३२,७६७ च्या पुढे गेली. कोड एरियन ४ मधून जसाच्या तसा घेतला होता. ते रॉकेट तेवढ्या आडव्या वेगाला कधी पोचतच नसे, म्हणून तिथे तो सुरक्षित होता. अशी सात रूपांतरं होती, त्यांतल्या चारांना संरक्षण दिलं होतं आणि प्रोसेसरवर भार नको म्हणून तिघांना दिलं नव्हतं. राखीव संगणकात तोच कोड होता, तो आधीच बंद पडला. आणि तो हिशेब तर उड्डाणानंतर लागणारही नव्हता.

या घटनेचा एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रोग्रॅम एडा भाषेत होता आणि ओव्हरफ्लो पकडला गेला होता. एक्सेप्शन आलं. पण त्यानंतर काय करायचं याचं उत्तर 'संगणक बंद करा' एवढंच होतं, आणि त्याने पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचली. गप्प चुकण्यापेक्षा थांबणं चांगलं हे मी मानतो, पण थांबल्यानंतरचा रस्ताही कुणीतरी लिहावा लागतो. एखाद्या बिलाच्या प्रोग्रॅमला थांबणं परवडतं, उडत्या रॉकेटला नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला. सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरच्या नियंत्रण युनिटमधला एक काउंटर ओव्हरफ्लो होऊन विमानाचा एसी (अल्टरनेटिंग करंट) वीजपुरवठा बंद पडू शकत होता, म्हणून ठरावीक काळाने वीज बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. ३२ बिटांच्या साइन्ड काउंटरने सेकंदाचे शंभरावे भाग मोजले, तर तो २४८ दिवस आणि काही तासांत भरतो.

रोजच्या कामात याचा उपयोग काय? कोणतीही रक्कम, मोजणी किंवा आयडी ठेवताना ६४ बिट घ्या. आजच्या यंत्रांवर एखाद्या संख्येला चार बाइट जास्त लागले तर बिघडत नाही. पैशांत मोजलं तरी ६४ बिटांत महापालिकाच काय, देशाचं अंदाजपत्रक मावतं. ३२ बिट घ्यायचे तर कारण लिहून घ्या. गुणाकार दिसला की मधली पायरी किती मोठी होईल ते कागदावर काढा. चाचणीत मर्यादेवरची, तिच्या एक अलीकडची आणि एक पलीकडची अशा तिन्ही संख्या टाका, नुसती १० आणि १०० नको. बाहेरून आलेली संख्या, म्हणजे फॉर्म, फाइल, नेटवर्क, यांतून आलेली, गुणाकारात जाण्याआधी तपासा. मेमरी किती मागायची हे अशा गुणाकारावर ठरत असेल तर ओव्हरफ्लोमुळे गरजेपेक्षा लहान जागा मिळते, आणि सुरक्षेतल्या कितीतरी भोकांचं मूळ तिथे असतं.

पुढचा मोठा टप्पा तारखेसकट ठरलेला आहे. युनिक्स पद्धतीची घड्याळं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, आणि ३२ बिटांच्या साइन्ड टाइपमध्ये ते मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी मर्यादेला पोचतील. पुढच्या सेकंदाला वळसा, आणि तारीख डिसेंबर १९०१. लॅपटॉप आणि सर्व्हर बहुतेक ६४ बिटांवर गेले आहेत. लिनक्स कर्नलने ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही २०२० मध्ये, ५.६ या आवृत्तीत, सोय केली. काळजी आहे ती लहान उपकरणांची. चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लागणारे कंट्रोलर, गाड्यांमधली युनिटं, इमारतींमधले मीटर एकदा बसवले की पंधरा-वीस वर्षं कुणी उघडत नाही. आज जे फर्मवेअर, म्हणजे उपकरणातच बसवलेलं सॉफ्टवेअर, लिहिलं जातंय ते त्या मंगळवारी चालू असणार आहे. काही जण त्यावर उपाय म्हणून तेच ३२ बिट अनसाइन्ड करतात. त्याने मर्यादा फेब्रुवारी २१०६ पर्यंत ढकलली जाते, पण १९७० च्या आधीची कोणतीही तारीख मग त्या टाइपमध्ये ठेवता येत नाही, आणि पेन्शनच्या यादीतल्या माणसांच्या जन्मतारखा तर बहुतेक त्याआधीच्याच असतात.